"सदर इसम गुन्हेगारी प्रवृत्तीचा असून…" : चेहऱ्यावरून चोर ओळखणाऱ्यांसाठी

काळा कोट (धागा)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एक फॉरवर्ड आला. मजकूर साधारण असा: जुने हवालदार नुसता चेहरा पाहून चोर ओळखायचे, लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरनं ते शास्त्रानं सिद्ध केलं होतं, मानवाधिकारवाल्यांनी ते शास्त्र दाबलं, आता कॅमेरे तेच काम करणार, स्वागत करा. खाली बावीस अंगठे. मी तिथे उत्तर लिहायला घेतलं तर "ताई, टँकरचं काय झालं ते बोला" असं आलं. म्हणून इथे लिहिते आहे, आणि लांब लिहिणार आहे.

लोम्ब्रोसोनं काय सिद्ध केलं? विलेल्ला नावाच्या एका कैद्याची कवटी उघडली, मागे आतल्या बाजूला एक खळगा दिसला, आणि त्या खळग्यात त्यानं अख्खं शास्त्र पेरलं. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, उत्क्रांतीत मागे राहिलेला असतो, आणि ते अंगावर दिसतं: मोठा जबडा, बाहेर आलेले कान, विरळ दाढी, लांब हात, गोंदण. १८७६ ला पुस्तक आलं. (गोंदणावरून ठरवायचं तर माझ्या दोन्ही आज्या आत.) आणि हे कोणी दाबलं वगैरे नाही. १९१३ ला इंग्लंडच्या तुरुंगातल्याच एका डॉक्टरनं, चार्ल्स गोरिंगनं, तीनेक हजार कैद्यांची मापं सैनिकांशी आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पोरांशी ताडून पाहिली. गुन्हेगाराचा म्हणून वेगळा साचा काही सापडला नाही. मोजून मोडीत काढलेलं शास्त्र आहे ते.

पण मोडीत निघालेला माल कुठे जातो ते मला माहीत आहे, कारण मी वकील आहे आणि चॅप्टर केसेस करते, म्हणजे पोलीस ज्यांच्याकडून चांगल्या वर्तनाची हमी मागतात त्यांच्या केसेस. मागच्या महिन्यात हाताशी असलेले सात इस्तगासे (पोलिसांनी पाठवलेले प्रस्ताव) मी टेबलावर शेजारी शेजारी मांडले. सात वेगळी माणसं, सगळ्यांना नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२९, म्हणजे आपलं जुनं ११०. सातही कागदांत एकच वाक्य: "सदर इसम हा गुन्हेगारी प्रवृतीचा असून त्याचे वर्तनात सुधारणा होण्याची शक्यता नाही." 'प्रवृती' सातही ठिकाणी एका 'त'नं लंगडी. म्हणजे एकाच फाईलमध्ये नुसती नावं बदलली. त्यातला एक बावीस वर्षांचा, पाणीपुरीची गाडी लावतो. त्याच्यावर आजवर भांडणाचा एक गुन्हा, त्यातही सुटला. बापाचं नाव मात्र रेकॉर्डवर. मी विचारलं, प्रवृत्ती कशावरून ठरवली? उत्तर आलं, "मॅडम, पाहूनच कळते."

हा लोम्ब्रोसोच आहे. याच शास्त्राच्या जोरावर इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जन्मावरून लोकांना पोलिसांच्या वहीत टाकलं. ती वही अजून मिटलेली नाही.

टाकळी लाईन

नमस्कार मॅडम. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा डीबी, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात. एएसआय म्हणून रिटायर झालो. तुमच्या टेबलावर सात कागद आले, माझ्या हाताखालून सातशे माणसं गेली. पाहून कळत नाही असं म्हणता? सांगतो.

रात्री अडीचची वेळ, कॉटन मार्केटच्या बाजूनं एक माणूस चालत येऊन राहिला. चपला हातात. मे महिना, डांबर रात्रीही गरम. मी बाइक थांबवली. म्हणे, चप्पल तुटली. पाहिली तर दोन्ही धड. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, एक पान्हा, आणि लहान पोरीच्या चांदीच्या तोरड्या. घरमालकाला चोरी झाली हे आम्ही सकाळी जाऊन सांगितलं, तोवर त्याची झोप उघडली नव्हती. हे कोण्या पुस्तकात शिकवत नाहीत. एसीत बसून 'प्रवृत्ती'त किती त आहेत ते मोजणं सोपं आहे.

जरा पुरावा द्या

धागाकर्तीला आधी. १८७६ चं पुस्तक १८७१ च्या कायद्याला जन्म कसं देईल? वकील आहात, तारीख तरी पाहायची. तो कायदा सुरुवातीला पंजाब, अवध आणि वायव्य प्रांताला लागू होता, नंतर १८७६ ला बंगाल. नागपुरात तेव्हा तो नव्हताच.

लोम्ब्रोसोला झोडण्यात मजा येते कारण तो परका आहे आणि मेलेला आहे. खरी गोष्ट आपल्या दाराशी घडली. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची ठगांविरुद्धची मोहीम जबलपूर-सागर पट्ट्यातली. तोच मुलूख पुढे मध्य प्रांतात आला आणि त्याची राजधानी नागपूर. १८३६ चा कायदा बघा: ठगांच्या टोळीत होता एवढं शाबीत झालं की जन्मठेप, कोणाला कधी मारलं ते दाखवायची गरज नाही. स्लीमननं ठगांच्या वंशावळी काढल्या. सागरला फाशी दिलेल्या ठगांच्या सात कवट्या एडिंबरोला कवटीशास्त्रवाल्यांकडे तपासायला गेल्या. हे सगळं १८३० च्या दशकात. लोम्ब्रोसोचा जन्म १८३५ चा, पाळण्यात असेल. पोलिसांनी आधी वही केली, शास्त्र मागून आलं आणि त्या वहीला पुठ्ठा चढवला.

आणि गोरिंगला संत करू नका. साचा नाही म्हणाला, पण कैदी बुद्धीनं कमी असतात आणि ते रक्तातून येतं, हेही तोच म्हणाला.

टाकळी लाईन, तुम्ही चेहरा कुठे पाहिला? तुम्ही चपला पाहिल्या. तुमची गोष्ट मॅडमच्या बाजूची आहे.

काळा कोट

बरं. तारीख चुकली, मान्य. संतापात लिहिलं. (पुठ्ठा हा शब्द मी उद्यापासून युक्तिवादात वापरणार, परवानगी मागत नाही.) पण त्यानं माझा मुद्दा मेला नाही, आणखी वाईट झाला. म्हणजे शास्त्रानं पोलिसांना बिघडवलं नाही, पोलिसांना हवं होतं तेच शास्त्रानं सांगितलं.

काका, चपलांबद्दल सलाम. पण पाणीपुरीवाल्याच्या कागदात चपला नाहीत. बाप आहे.

संत्रा बर्फी

काय राजेहो, इटली अन् एडिंबरो काहून करता? हा सारा मुंबईच्या कायद्याचा घोळ हाय. आपण सीपी अँड बेरारमध्ये (मध्य प्रांत अन् वऱ्हाड) होतो तवा बरे होतो. १९५६ ले मुंबई राज्यात कोंबलं, तवापासून तडीपार करायचं झालं तरी मुंबईचाच कायदा. वेगळा विदर्भ झाला असता तं हे कलमच रायलं नसतं.

जरा पुरावा द्या

वेगळ्या विदर्भाला तुम्ही दर धाग्यात आणता, पुढच्या वेळी पोह्यांच्या धाग्यात आणा. सीपीत १८६१ चा पोलीस कायदा होता, तोही आयरिश पोलिसांच्या धर्तीवरचा, रयतेवर वचक ठेवायला केलेला. आणि ११० कलम देशभर होतं, मुंबईचं नाही.

संत्रा बर्फी

पोह्याच्या धाग्यात बी आणीन. तर्रीवर कर कोण लावते ते पाहा.

बेड्यावरचा मास्तर

मी वाचत होतो, बोलणार नव्हतो. टाकळी लाईनचं "सातशे माणसं हाताखालून गेली" वाचलं आणि राहवलं नाही.

मी पारधी आहे, यवतमाळकडचा, आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. १९११ ला तो गुन्हेगार जमाती कायदा सगळ्या हिंदुस्थानावर आला. माझ्या आज्याला रोज रात्री पोलीस पाटलाकडे हजेरी होती. सासरवाडीला जायचं तरी चिठ्ठी घ्यायची. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा गेला. आजा त्यानंतर वीस वर्षं जगला, आणि आजी सांगायची, दिवेलागणीला तो उठून पागोटं बांधायचा आणि मग परत बसायचा.

माझं सांगतो. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गावात विहिरीवरची मोटर गेली. पहाटे बेड्यावर, म्हणजे आमच्या पारध्यांच्या वस्तीवर, जीप. सगळ्या पुरुषांना रांगेत उकिडवं बसवलं. माझ्या हातात मानसशास्त्राची वही होती, परीक्षा होती त्या दिवशी. विचारलं, नाव काय. सांगितलं. पुढचा प्रश्न वय नाही, काम नाही, "मोटर कुठाय?" पेपर दुपारी दोनचा, सोडलं चारला. पंधरा दिवसांनी मोटर मालकाच्याच पुतण्याकडे निघाली. बेड्यावर कोणी सांगायला आलं नाही, वडिलांनी बाजारात ऐकलं. तो विषय मी पुढच्या वर्षी काढला.

टाकळी लाईन

मास्तर, झालं ते वाईट झालं. पण बेड्यावरून कधी कोणी निघालंच नाही का? माझ्याच हद्दीत दोन घरफोड्यांत निघाले. तेही खरंच आहे. लिहिताना दोन्ही बाजू लिहा.

बेड्यावरचा मास्तर

निघाले. तुमच्या खात्यातूनही निघतात, लाच घेताना, पेपरात फोटोसकट. म्हणून टाकळीच्या पोलीस लाईनमधल्या पोरांना पहाटे उठवून रांगेत बसवतो का कोणी?

टाकळी लाईन

माझ्या पोरांपर्यंत जायचं काम नाही. सांगून ठेवतो.

बेड्यावरचा मास्तर

बघा, किती लागलं. मी एका ओळीत नेलं, तुम्ही जीप घेऊन आला होता.

मिहान कोडर

दोघंही शांत व्हा ना. म्हणूनच तर मशीन पाहिजे. मशीनला जात कळत नाही. २०२४ ला सरकारनं मार्वल कंपनी काढली ती आपल्या नागपुरातच, पोलिसांसाठी एआय करायला. कॅमेरा काही कान मोजून 'हा चोर' म्हणत नाही. ज्याचा फोटो रेकॉर्डवर आहे त्याच्याशी जुळवतो, बस. लोम्ब्रोसोशी याचा काय संबंध?

काळा कोट

रेकॉर्डवर कोणाचा फोटो आहे, कोणी टाकला, एवढंच विचारते. पाणीपुरीवाल्याचा आहे. सोसायटीच्या सचिवाचा नाही, त्यानं लिफ्टचे पैसे खाल्ले तरी. २०२२ च्या ओळख पटवण्याच्या कायद्यानं मापं, बुबुळं, नमुने घ्यायची मुभा झाली आणि नोंद पंचाहत्तर वर्षं ठेवायची. बावीस आणि पंचाहत्तर किती होतात ते कोडरनं सांगावं.

आणि हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे ठाण्यातल्या संशयितांच्या नोंदीत, मागास आणि विमुक्त (त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या) समाजातल्या लोकांची नावं आपोआप चढत नाहीत ना ते राज्यांनी बघावं. ऑक्टोबरमध्ये तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीची कलमं उडवली, तेव्हाही विमुक्तांना मनमानी अटक करू नका म्हणून पोलिसांना बजावलं.

दहा बोटांचा हिशेब

अंगुलीमुद्रेच्या कामात उभी हयात गेली, म्हणून एक तक्रार. तुम्ही सगळे जुनं गुन्हेशास्त्र म्हणजे लोम्ब्रोसो धरून बसलात. त्याच काळात दुसरं एक घराणं होतं, ते माणसाकडे न बघता ठशाकडे बघायचं. ऑस्ट्रियाच्या हान्स ग्रॉसनं १८९३ ला तपास अधिकाऱ्यांसाठी ग्रंथ लिहिला: पाऊलखुणा, रक्ताचे डाग, धूळ, जागेचा नकाशा. त्याचं इंग्रजी रूप कुठे झालं? आपल्याकडे, मद्रासेत, हिंदुस्थानातल्या पोलिसांसाठी. चपला हेरणारे टाकळी लाईन त्या घराण्यातले.

आणि बोटांचे ठसे तर इथलेच. बर्टिलॉननं पॅरिसमध्ये शरीराची अकरा मापं घ्यायची पद्धत काढली होती. बंगालात ती चालवून पाहिली, पण दोन शिपायांनी एकाच माणसाचा हात मोजला तर दोन आकडे यायचे. मग १८९७ ला कलकत्त्यात ठशांचं केंद्र निघालं. ठशांच्या १०२४ खणांच्या वर्गीकरणाला जगभर 'हेन्री पद्धत' म्हणतात. गणित केलं अझीझुल हक यांनी, सोबत हेमचंद्र बोस. त्यांचा साहेब हेन्री १९०१ ला स्कॉटलंड यार्डात मोठा झाला. हक-बोस यांची नावं आमच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा एका ओळीत उरकली. याच्यावर धागा काढा, मी रोज येतो.

जरा पुरावा द्या

आणि त्याच ठशांनी १८९८ चा जलपायगुडीचा खटला. चहामळ्याच्या मॅनेजरचा खून, पंचांगावर रक्ताचा अंगठा, तो जुन्या शिक्षेच्या नोंदीतल्या कांगाली चरणशी जुळला. कोर्टानं चोरी मान्य केली, खून नाही. तिजोरीशी हा होता एवढं अंगठा सांगतो, पुढचं सांगत नाही, अशी कोर्टाची समज होती. आज टीव्हीवरच्या अँकरला तेवढी नाही.

पण हिशेबराव, तुमचं स्वच्छ घराणंही त्याच वहीशेजारी नांदलं. कांगाली सापडला कारण त्याचा अंगठा आधीच कपाटात होता.

दहा बोटांचा हिशेब

कपाटात होता कारण आधी शिक्षा झालेली. बापाला नव्हे, त्यालाच. हा फरक कळत नसेल तर बोलणं खुंटलं.

काळा कोट

नाही, हा फरक मान्य. हाच माझा फरक आहे. माझ्यासाठी तुम्ही तो जास्त बरा मांडलात, त्याचा थोडा राग आलाय.

कामठीची पोरगी

विषय अंगठ्यावर आलाच आहे तर विचारते, कारण इथे कोणीतरी त्यातलं जाणकार दिसतंय. आई चाळीस वर्षं बिड्या वळते. तेंदूपत्ता कापून, ओला करून, दिवसभर अंगठ्यानं गुंडाळी दाबून त्या बोटाला आता रेषाच नाहीत, हात लावला तर काचेसारखं लागतं. रेशनच्या दुकानात थम लागत नाही. मागच्या महिन्यात तीन खेपा. दुकानदार म्हणाला, "तुमचा अंगठा खोटा आहे." लायनीत सगळे हसले. आईनं काही चोरलं नाही हो.

संत्रा बर्फी

माह्या काकाचं बी असंच. सेंटरिंगच्या कामावर हाय, सिमेंटनं बोटं खाल्ली. बँकेत थम नाई लागत. सायेब म्हणे उद्या या. उद्या बी तेच बोट घेऊन जाईन ना बे!

मिहान कोडर

तो सेन्सरचा प्रश्न आहे, ऑप्टिकल स्वस्तातले असतात.

बेड्यावरचा मास्तर

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईचं तेच. सेन्सर स्वस्त, तांदूळ तिचा बंद.

कामठीची पोरगी

सेन्सर कोणाचाही असो, हसले ते आईला. "खोटा" म्हणाला. हा शब्द कोणी वापरायचा कोणासाठी?

टाकळी लाईन

पोरी, मी वाचून राहिलो. दुकानदार चुकला. तहसीलला तक्रार दे, लेखी दे, पोच घे. तोंडी बोलून काही होत नाही, मी खात्यातला आहे म्हणून सांगतो.

मास्तर, काल रात्री मी जरा जास्त बोललो. त्या मोटरच्या वेळी मी तिथे नव्हतो, पण मी असतो तर मीही बेड्यावरच आलो असतो. सकाळी साहेबाला फोनवर सांगावं लागते, अमुक ठिकाणी चेक केलं. बेडा चेक केला की साहेब गप्प बसते. पुतण्याच्या घरी जायचं तर मालकाला विचारावं लागलं असतं. बाकी तुमचं म्हणणं सगळंच मला पटलं असं समजू नका.

बेड्यावरचा मास्तर

नाही समजत. "साहेब गप्प बसते" एवढं बास आहे मला. इतकी वर्षं मी त्याचं कारण शोधत होतो.

दहा बोटांचा हिशेब

कामठीताई, नीट वाचा. अंगठाच पाहिजे असं कुठे नाही, आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. बिडीवाल्यांची अंगठा आणि तर्जनी जातात, मधलं आणि अनामिका बहुतेक शाबूत राहतात. रात्री आईच्या बोटांना ग्लिसरीन किंवा खोबरेल चोळा, सकाळी साबणानं धुऊन कोरडी करा, तेलकट नको. डाव्या हाताचं मधलं बोट आधी द्या. बोट आडवं फिरवू नका, सपाट ठेवा, दाबू नका. नाही लागलं तर डोळ्याच्या मशीनचं विचारा.

जाता जाता, हर्शेल नावाच्या कलेक्टरनं हुगळीला १८७७ मध्ये ठसे रीतसर लावले ते पेन्शनरांसाठीसुद्धा.

जरा पुरावा द्या

पेन्शनरांसाठी म्हणजे, मेलेल्याच्या नावावर दुसरा पैसे उचलेल या संशयानं. तेवढं वाक्य गाळलंत.

दहा बोटांचा हिशेब

गाळलं नाही, पोरीच्या आईच्या कामाचं नव्हतं.

काळा कोट

पाणीपुरीवाल्याची तारीख मंगळवारी आहे. वर्तन सुधारण्याची शक्यता नाही हे कशावरून, एवढं एकच विचारणार आहे. काका, वेळ असेल तर कोर्टात या. चहा माझा. साक्ष नको, नुसते मागे बसा.

टाकळी लाईन

मंगळवारी गुडघ्याची अपॉइंटमेंट आहे. बघतो.

कामठीची पोरगी

डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. दुसऱ्या खेपेत. तांदूळ मिळाले. गहू संपले म्हणे.